हाउग, हाउगेन आणि एक चुकलेली बेरीज

जुन्या क्रीडास्पर्धांचे निकाल हा कोणी वाचण्याचा मजकूर मानत नाही. नाव, देश, वेळ, गुण, क्रमांक. पुन्हा नाव, देश, वेळ. संदर्भासाठी पान उघडायचे, हवा तो आकडा टिपून घ्यायचा आणि पान मिटायचे. छापलेली बेरीज बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी ती पुन्हा करून बघण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. पहिल्या हिवाळी ऑलिंपिकच्या निकालातील एका ओळीचे नेमके हेच झाले, आणि तेही थोडीथोडकी नव्हे, पन्नास वर्षे.

तारीख ४ फेब्रुवारी १९२४. स्थळ शामोनी, फ्रान्समधील आल्प्सच्या कुशीतले गाव. स्पर्धा स्की जंपिंगची, म्हणजे उतारावरून वेगाने येऊन हवेत झेप घेण्याची. पहिला क्रमांक नॉर्वेच्या याकोब तुलिन थाम्सचा, १८.९६० गुण. दुसरा नॉर्वेच्याच नार्वे बोनाचा, १८.६८९. तिसरा थोरलाइफ हाउग, नॉर्वे, १८.०००. चौथा अँडर्स हाउगेन, अमेरिका, १७.९१६. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकात फरक अवघा ०.०८४ गुणाचा, पण एकाला कांस्यपदक मिळाले आणि दुसरा रिकाम्या हाताने परतला. हा निकाल १९७४ पर्यंत असाच छापला जात राहिला. त्यानंतरच्या नोंदींत ही दोन नावे वर-खाली झालेली दिसतात.

ही हकिगत बहुतेक ठिकाणी हाउगेनच्या बाजूने सांगितली जाते. हक्काचे पदक मिळायला ज्याला पन्नास वर्षे थांबावे लागले, त्याच्या बाजूने मन जाणे स्वाभाविक आहे. हाउग तिथे येतो तो केवळ नजरचुकीने पदक मिळालेला माणूस म्हणून. नॉर्वेबाहेरच्या सामान्य वाचकाला तो माहीत असतो तो बहुधा एवढ्याचपुरता, न जिंकलेल्या पदकापुरता. प्रत्यक्षात तो त्याच्या काळातला सर्वांत पूर्ण स्कीपटू होता. त्याची कारकीर्द नीट मांडली, की त्या चुकीचा अर्थही थोडा बदलतो.

दोन कसोट्यांचा खेळ

हाउगचा खरा खेळ नॉर्डिक कम्बाइन्ड. नावाप्रमाणेच ही जोडस्पर्धा आहे. एक कसोटी क्रॉस-कंट्रीची: चढ-उतारांच्या बर्फाळ वाटेवरून स्कीवर दौडत ठरलेले अंतर कापायचे. दुसरी कसोटी उडीची: उंच उतारावरून घसरत येऊन कड्यावरून झेप घ्यायची आणि खालच्या उतारावर तोल सांभाळत उतरायचे. पहिल्या कसोटीला दम लागतो, चिवटपणा लागतो, तासन्‌तास एका लयीत चालणारे हात-पाय लागतात. दुसरी काही क्षणांत संपते. तिथे धाडस लागते, कड्यावर नेमक्या क्षणी शरीर उलगडता यावे लागते, आणि हवेत असताना घाबरून हालचाल करायची नसते. एका कसोटीसाठी घडवलेले शरीर दुसरीत कामी येईलच असे नाही. दोन्हींत उत्तम असणारा माणूस म्हणूनच दुर्मिळ.

नॉर्वेत हा केवळ क्रीडाप्रकार नव्हता. १८८८ मध्ये फ्रित्योफ नान्सेनने स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले. १९११ मध्ये रोआल्ड आमुंडसेन स्की आणि कुत्र्यांच्या गाड्या घेऊन दक्षिण ध्रुवावर पोहोचला. त्या दोन घटनांच्या मध्ये, १९०५ साली, नॉर्वे स्वीडनपासून वेगळा होऊन स्वतंत्र देश झाला होता. नव्या राष्ट्राला स्वतःची ओळख सांगणाऱ्या गोष्टी हव्या होत्या आणि स्की ही त्यांतली एक ठरली. राजधानीजवळच्या होल्मेनकोलेनच्या टेकडीवर १८९२ पासून दरवर्षी भरणारी स्कीस्पर्धा हा राष्ट्रीय सोहळाच होता. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला युवराज ओलाव स्वतः तिथे उडी मारायला उतरले होते. आणि त्या टेकडीवर मान होता तो जोडस्पर्धेला. नुसत्या उडीचे वेगळे विजेतेपद होल्मेनकोलेनला १९३० च्या दशकापर्यंत नव्हते. जो दौडतो आणि उडीही मारतो तोच खरा स्कीपटू, अशी ती धारणा होती.

अशा स्पर्धेत विजेता ठरवायचा तर हिशोब आलाच. शर्यतीचे मोजमाप मिनिट-सेकंदांत, उडीचे मीटरमध्ये आणि पंचांनी शैलीसाठी दिलेल्या गुणांत. या तिन्हींना एका मापात आणल्याशिवाय जोड लागत नाही. त्यासाठी तक्ते असत. शर्यतीची वेळ गुणांत बदलायची, उडीचे अंतर गुणांत बदलायचे, शैलीचे गुण मिळवायचे आणि शेवटी एक आकडा काढायचा. त्या काळी आधी शर्यत होई, मग उडी, आणि मग हिशोब. त्यामुळे जिंकला कोण हे मैदानावर दिसत नसे. ते टेबलावर, कागदावर ठरे. पुढे १९८० च्या दशकात नॉर्वेच्याच गुंडर गुंडरसेन याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत रूढ झाली. तिच्यात उडी आधी होते, उडीतील गुणांच्या फरकाचे सेकंद केले जातात, आणि तेवढ्या अंतराने खेळाडूंना शर्यतीसाठी सोडले जाते. जो रेषा आधी ओलांडेल तो विजेता. म्हणजे आकडेमोड शर्यतीच्या आधीच उरकलेली असते आणि निकाल प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत लागतो. १९२४ च्या प्रेक्षकांना ही सोय नव्हती. त्यांना टेबलामागे बसलेल्या माणसांच्या बेरजेवर विश्वास ठेवावा लागे.

लिएरचा हाउग

थोरलाइफ हाउगचा जन्म २८ सप्टेंबर १८९४ चा, दक्षिण नॉर्वेतील लिएर या भागातला. जवळचे शहर द्रामेन, आणि तिथला द्राफ्न हा क्लब त्याचा. हिवाळ्यात बर्फाखाली जाणारी जंगले त्याच्या दाराशीच होती. त्या वेळच्या स्की लाकडाच्या असत. त्या सांभाळणे, हवामान पाहून त्यांना योग्य मेण लावणे हे सगळे खेळाडूलाच यावे लागे. बर्फ ओला आहे की कोरडा, ताजा आहे की गोठून कडक झालेला, यावर शर्यतीचे निम्मे गणित अवलंबून असे.

होल्मेनकोलेनच्या विजेत्यांची यादी पाहिली, की हाउगचे स्थान कळते. तिथली ५० किलोमीटरची शर्यत त्याने सहा वेळा जिंकली: १९१८, १९१९, १९२०, १९२१, १९२३ आणि १९२४. त्याच टेकडीवरची जोडस्पर्धा त्याने १९१९, १९२० आणि १९२१ अशी सलग तीन वर्षे जिंकली. म्हणजे त्या तीन वर्षांत देशातली सर्वांत लांब पल्ल्याची मानाची शर्यतही त्याची होती आणि दौड-उडीचा मुकुटही त्याचाच. पन्नास किलोमीटर दौडण्यासाठी घडवलेले शरीर घेऊन उडीच्या कड्यावर उभे राहणे सोपे नाही. हाउग ते वर्षानुवर्षे करत राहिला.

शामोनीचे बारा दिवस

शामोनीला जे भरले त्याला त्या वेळी ऑलिंपिक हे नाव नव्हते. २५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी १९२४ या काळात झालेला तो ‘आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताह’ होता. सप्ताह म्हटले तरी तो बारा दिवस चालला. सोळा देशांचे खेळाडू आले होते. स्वतंत्र हिवाळी ऑलिंपिकची कल्पना स्कँडिनेव्हियन देशांना फारशी पसंत नव्हती. स्वीडनमध्ये १९०१ पासून नॉर्डिक खेळ भरत होते, नॉर्वेकडे होल्मेनकोलेन होते. आपल्या घरचा सोहळा दुसऱ्याच्या अंगणात कशाला न्यायचा, अशी त्यांची भावना होती. पण सप्ताह यशस्वी झाला, विरोध मावळला आणि पुढच्या दोन वर्षांत ऑलिंपिक समितीने त्यालाच पहिले हिवाळी ऑलिंपिक म्हणून मान्यता दिली. ज्या स्पर्धेत हाउग उतरला ती ऑलिंपिक होती हे असे मागाहून ठरले.

३० जानेवारीला ५० किलोमीटरची शर्यत झाली. हाउगने ती ३ तास ४४ मिनिटे ३२ सेकंदांत पुरी केली. दुसरा आला त्याचाच सहकारी थोराल्फ स्ट्रॉमस्टाड, १ मिनिट ५१ सेकंद मागे. तिसरा योहान ग्रोतुम्सब्रोतेन, तोही नॉर्वेचा. या तिघांतले स्ट्रॉमस्टाड हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

२ फेब्रुवारीला १८ किलोमीटर. हाउगची वेळ १ तास १४ मिनिटे ३१ सेकंद. ग्रोतुम्सब्रोतेन दुसरा, १ मिनिट २० सेकंद मागे. तिसरा फिनलंडचा तापानी निकू. याच दिवशी शामोनीत जमलेल्या प्रतिनिधींनी आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची स्थापना केली. जगभरच्या स्कीस्पर्धांचे नियम आणि मोजमापे एका छत्राखाली आणणारी ही संस्था. एकीकडे तिचा जन्म होत होता आणि दुसरीकडे हाउग आपले दुसरे सुवर्णपदक मिळवत होता.

१८ किलोमीटरची हीच शर्यत जोडस्पर्धेसाठीही धरली गेली. ४ फेब्रुवारीला जोडस्पर्धेच्या उड्या झाल्या आणि हिशोब मांडला गेला: हाउग १८.९०६, स्ट्रॉमस्टाड १८.२१९, ग्रोतुम्सब्रोतेन १७.८५४. पहिल्या दोघांत ०.६८७ गुणांचे अंतर. नॉर्डिक कम्बाइन्डचा पहिला ऑलिंपिक विजेता म्हणून हाउगचे नाव लागले, ते निर्विवाद. १९३६ पर्यंत हे पदक नॉर्वेबाहेर गेले नाही. १९४८ मध्ये फिनलंडच्या हेइक्की हासूने ते पहिल्यांदा बाहेर नेले.

त्याच ४ फेब्रुवारीला स्वतंत्र उडीची स्पर्धाही झाली. हाउग तिच्यातही उतरला. तिसरा आला, असे जाहीर झाले. चार स्पर्धा, चार पदके. स्कीच्या चार प्रकारांत मिळून बारा पदके होती. त्यांतली अकरा नॉर्वेने नेली, असे त्या दिवशीच्या हिशोबाने दिसत होते. सुटले होते ते एक, निकूचे.

टेलेमार्कचा अमेरिकन

चौथ्या क्रमांकावर राहिलेला अँडर्स हाउगेन अमेरिकेच्या संघाचा कर्णधार होता. पण त्याचा जन्म १८८८ चा, नॉर्वेतल्या टेलेमार्क प्रांतातील बो या गावचा. टेलेमार्क म्हणजे स्कीच्या उडीचे माहेर. आधुनिक स्कीचा जनक मानला जाणारा सोंद्रे नोरहाइम याच प्रांतातला, आणि तोही उतारवयात अमेरिकेला निघून गेला होता. १८२५ ते १९२५ या शंभर वर्षांत सुमारे ८ लाख नॉर्वेजियन माणसे समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली. देश लहान, शेतीयोग्य जमीन थोडी. जाताना ही माणसे स्की घेऊन गेली, आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत उड्यांचे उतार उभे राहिले. अँडर्स आणि त्याचा भाऊ लार्स यांनी तिथे नाव कमावले. १९१९ मध्ये कोलोरॅडोतील डिलन येथे अँडर्सने २१३ फुटांची उडी मारून त्या काळचा विक्रम केला होता.

म्हणजे शामोनीत तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर जे दोघे होते, ते दोन देशांचे असले तरी एकाच बर्फातले होते. त्यांची आडनावेही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत. नॉर्वेजियन भाषेत ‘हाउग’ म्हणजे टेकडी किंवा उंचवटा. ‘हाउगेन’ म्हणजे ‘ती टेकडी’. शेतवाडीच्या नावावरून आडनाव घेण्याची तिकडची रीत, त्यामुळे ही दोन्ही नावे नॉर्वेत सर्रास आढळतात. मात्र चूक नावांच्या सारखेपणातून झालेली नव्हती. ती शुद्ध आकड्यांची होती.

त्या दिवशीची सर्वांत लांब उडी हाउगेनची होती, ५० मीटरची. शैलीच्या गुणांत मात्र तो मागे पडला. त्यामुळे लांब उडी मारूनही चौथा क्रमांक, हे त्या वेळी कोणाला खटकले नसावे. लांबी आणि शैली यांची बेरीज अशीच असते, लांब जाणारा नेहमी वर येतोच असे नाही. चूक लपून राहायला याहून सोयीची जागा नव्हती.

पन्नास वर्षांनंतर

हाउग पुढे १९२६ मध्ये फिनलंडमधील लाहती येथील जागतिक स्पर्धेत जोडस्पर्धेत दुसरा आला, ग्रोतुम्सब्रोतेन पहिला. नव्या पिढीला वाट मोकळी झाली होती. १२ डिसेंबर १९३४ रोजी न्यूमोनियाने हाउगचे द्रामेन येथे निधन झाले. वय अवघे ४०. द्रामेनमध्ये त्याचा पुतळा आहे. नॉर्वेच्या क्रीडा-इतिहासात चार ऑलिंपिक पदके मिळवणारा वीर म्हणून त्याची जागा ठरून गेली.

१९७४ मध्ये शामोनीला पन्नास वर्षे झाली. १९२४ च्या नॉर्वेजियन संघातल्या हयात खेळाडूंच्या आठवणी पुन्हा जाग्या झाल्या. शामोनीत हाउगच्या मागे दोनदा दुसरा आलेला थोराल्फ स्ट्रॉमस्टाड तेव्हा हयात होता. चुकीच्या शोधाशी दोन नावे जोडलेली आहेत: एक या स्ट्रॉमस्टाड यांचे आणि दुसरे स्कीच्या इतिहासाचे नॉर्वेजियन अभ्यासक याकोब व्हागे यांचे. जुने गुण पुन्हा मांडून पाहिले गेले आणि हाउगच्या १८.००० या आकड्याचा मेळ लागेना. त्याचे गुण नीट धरले तर ते १७.९ च्याही खाली जात होते. हाउगेनचे १७.९१६ मात्र जागच्या जागी होते. कांस्यपदक हाउगेनचे होते.

ऑलिंपिक समितीने दुरुस्ती मान्य केली. त्याच वर्षी ऑस्लोमध्ये एक छोटा समारंभ झाला. अँडर्स हाउगेन यांनी तोवर वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. पदक त्यांच्या हाती दिले ते थोरलाइफ हाउगच्या मुलीने. वडील जाऊन तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. हाउगेन पुढे दहा वर्षे जगले. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. अमेरिकेच्या नावावर स्की जंपिंगचे पहिले ऑलिंपिक पदक असे निम्मे शतक उलटल्यावर लागले, आणि पुढे कित्येक दशके ते एकुलते एकच राहिले.

या प्रसंगातली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. दुरुस्तीने नुकसान झाले ते नॉर्वेचे, आणि दुरुस्तीचे काम केले तेही नॉर्वेच्या माणसांनी. अमेरिकेने तक्रार केली म्हणून चौकशी झाली, असे घडलेले नाही. आपल्याच संघातल्या, आपल्याच थोर पुरुषाच्या नावावरचे पदक कमी होईल हे ठाऊक असूनही ती बेरीज केली गेली. नॉर्वेच्या बारांपैकी अकरा पदकांची दहा झाली. ज्याच्या देशाचा पुतळा असतो, त्या देशाने पुतळ्याखालच्या मजकुराची तपासणी करणे ही सोपी गोष्ट नाही. मृत माणूस आपली बाजू मांडायला येऊ शकत नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत काहीही कमी करताना हात कचरतो. हा संकोच चांगुलपणातूनच येतो. पण त्या संकोचापायी दुसऱ्या एका जिवंत माणसाचा हक्क दडून राहत असेल, तर त्याला आदर म्हणता येत नाही. हाउगच्या मुलीने स्वतःच्या हाताने पदक देऊन हा पेच ज्या साधेपणाने सोडवला, त्यावर अभ्यासकाने अधिक काही बोलण्याची गरज नाही.

चौथ्या क्रमांकाचे मोल

आता हाउगच्या कारकिर्दीकडे पुन्हा पाहू. दुरुस्तीनंतर त्याच्या नावावर तीन सुवर्णपदके उरतात आणि उडीत एक चौथा क्रमांक. पदकांच्या यादीत चौथ्या क्रमांकाला जागा नसते. पण हा चौथा क्रमांक कशानंतरचा आहे, हे पाहिले पाहिजे. ३० जानेवारीला पावणेचार तास स्कीवर दौडून ५० किलोमीटर जिंकलेला माणूस, २ फेब्रुवारीला १८ किलोमीटर जिंकलेला माणूस, ४ फेब्रुवारीला जोडस्पर्धेच्या उड्या मारून तीही जिंकतो, आणि त्याच दिवशी निव्वळ उडीच्या स्पर्धेत जगातल्या निवडक उडीबहाद्दरांमध्ये चौथा येतो. ३० जानेवारी ते ४ फेब्रुवारी हे सहा दिवस. या सहा दिवसांत एकाच शरीराने ही चारही कामे केली.

आज हे कोणी करू शकणार नाही, कारण आज असे करण्याचा प्रयत्नच कोणी करत नाही. लांब पल्ल्याचा धावक वेगळा, उडी मारणारा वेगळा. त्यांची शरीरे वेगळी, प्रशिक्षक वेगळे, कपडे आणि साहित्यही वेगळे. दोन्ही करणाऱ्यांची नॉर्डिक कम्बाइन्ड ही आता स्वतंत्र शाखा झाली आहे, आणि तिच्यातले खेळाडू सहसा इतर दोन्हींच्या वाटेला जात नाहीत. शामोनीपासून प्रत्येक हिवाळी ऑलिंपिकमध्ये असलेला हा प्रकार अलीकडे संकटातही आहे. महिलांची नॉर्डिक कम्बाइन्ड सुरू करण्यास ऑलिंपिक समितीने २०२२ मध्ये नकार दिला, आणि पुरुषांच्या स्पर्धेच्या भवितव्यावरही तेव्हापासून प्रश्नचिन्ह आहे. विशेषज्ञतेच्या युगात दोन गोष्टी पुऱ्या येणाऱ्या माणसाची कदर कमी होत जाते, याचेच हे एक रूप.

म्हणून मला वाटते, की चुकीच्या कांस्यपदकाने हाउगचे मोल वाढले नव्हते आणि ते गेल्याने कमीही झाले नाही. उलट कांस्यपदकाने त्याला उडीतला तिसरा उत्तम खेळाडू म्हणून सादर केले होते, जे तो नव्हता. खरा हाउग चौथ्या क्रमांकात अधिक स्पष्ट दिसतो: उडीतल्या तज्ज्ञांच्या किंचित मागे, दौडीत सगळ्यांच्या पुढे, आणि दोन्हींची जोड घातली तर कोणाच्याही आवाक्याबाहेर. जोडस्पर्धेचा विजेता असाच असतो. त्याच्या थोरवीचा आकडा १८.००० हा नाही. तो १८.९०६ आहे, आणि त्या बेरजेवर शंभर वर्षांत कोणी बोट ठेवलेले नाही.